पिल-नाम मावशीची डावी बाजू

पिल-नाम मावशीच्या डोळ्यांचे कोपरे माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहेत. नाण्याएवढ्या, निळसर रबराच्या चकत्या. प्रत्येक पाकिटात दोन, एक डावी आणि एक उजवी. रबर ओलं असताना कातडीवर टेकवायचं आणि सुकलं की अलगद उचलायचं. कातडीत जिथे खाच असते तिथे रबरावर वरंबा उठतो. मग ती चकती तिरक्या उजेडात ठेवली की मशीन त्या वरंब्याची सावली मोजतं. साचे घेण्याचं हे काम माझं. कोरियातल्या बुचॉन शहरात एका इमारतीच्या आठव्या मजल्यावर आमचं केंद्र आहे. कंपन्या आमच्याकडे क्रीम पाठवतात आणि आम्ही बायकांचे चेहरे मागवतो.

बायका येतात, आमच्याच साबणाने तोंड धुतात, कपाळावर पांढरी पट्टी बांधतात आणि एका बंद खोलीत अर्धा तास बसून राहतात. त्या खोलीत बारा महिने एकच हवा असते. उन्हाळा नाही, थंडी नाही. बाहेरून आलेल्या चेहऱ्यावर ऊन असतं, वारा असतो, भांडण असतं, ते सगळं उतरावं म्हणून हा अर्धा तास. पाणी प्यायचं नाही, तोंडाला हात लावायचा नाही आणि शक्यतो हसायचं नाही.

हा शेवटचा नियम कुणी पाळत नाही.

"ताई, तुमची कोणती बाजू जिंकतेय?" दोक-इमने विचारलं. तिचं कपडे धुण्याचं दुकान आहे. जीभही तिथल्याच वाफेवर चाललेली. "माझा नवरा म्हणतो, डावीकडून तू बायको वाटतेस आणि उजवीकडून सासू."

"मग झोपताना त्याला डाव्या अंगाला घे की," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"घेतला असता गं, पण त्या कुशीवर तो घोरतो."

सगळ्या हसल्या. "अहो, साचे बिघडतील," मी दारातून ओरडले, तर आणखी हसल्या. एकटी पिल-नाम मावशी हसली नाही. ती खुर्चीत ताठ बसून होती. तोंड असं धरलेलं, जणू काठोकाठ भरलेलं भांडं कुणी तिच्या हातात दिलंय.

त्या वेळची चाचणी अर्ध्या चेहऱ्याची होती. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याला एक बाटली, उजव्याला दुसरी, सकाळ-संध्याकाळ. दोन्हींत पेप्टाइड. प्रथिनाच्या लांब साखळीचा तोडलेला एक चिमुकला तुकडा. असा तुकडा कातडीला काहीतरी सांगतो असं मानतात. एका बाटलीतला तुकडा खालच्या स्नायूला सांगणार होता, आवळू नकोस. दुसऱ्यात तांब्याचा कण बसवलेला, तो कातडीला सांगणार होता, इथे मोडतोड झालीय, बांधायला लाग. एक थांबवणारा, एक बांधणारा. कोणता कोणत्या बाटलीत हे मलाही ठाऊक नव्हतं. तांब्याचा निळेपणा ओळखू येऊ नये म्हणून दोन्ही क्रीमना सारखाच फिका निळा रंग दिला होता.

हे सगळं मी पहिल्या दिवशी बायकांना समजावून सांगितलं तेव्हा पिल-नाम मावशीने हात वर केला होता, शाळेतल्यासारखा.

"थांबवणारं मला नको, बाई. मागे नेणारं कोणतं?"

"किती मागे, मावशी?"

"लग्नाच्या आधीपर्यंत न्या हो," दोक-इम म्हणाली, "तिथून वाट बदलता येईल."

"सत्तावीसपर्यंत," पिल-नाम मावशी म्हणाली.

तेव्हाही सगळ्या हसल्या. मीही हसले असेन. साठीला टेकलेली बाई सत्तावीसची मागणी घालते, भाजीवाल्याकडे मूठभर कोथिंबीर वर मागावी तशी.

आमच्याकडे तिला महाराणी म्हणायचे. ती एका तयार भाज्यांच्या दुकानात मागच्या बाजूला काम करायची. पालक उकडून पिळायचा, मुळा किसायचा, माशाच्या वड्या तळायच्या. पण तळणापुढे ती कधी उभी राहत नसे. तेलाची धग तोंडाला लागते म्हणून भर थंडीत बर्फासारख्या पाण्यात पालेभाजी धुण्याचं काम मागून घ्यायची. हात फुटलेले, बोटं सुजलेली, आणि चेहरा मात्र पुढे आलेल्या रुंद टोपीखाली, मुखपट्टीमागे, वर छत्री. ढगाळ दिवशीसुद्धा छत्री. "महाराणींची पालखी आली," जिन्यावर छत्री दिसली की दोक-इम म्हणायची. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. आली की सगळ्यांच्या आधी मोरीवर जायची आणि सगळ्यांत जास्त वेळ तोंड धुवायची.

पिल-नाम म्हणजे पुढचा मुलगाच हवा. चौथी मुलगी झाली तेव्हा आजोबांनी ठेवलेलं नाव. तिच्या वयाच्या बायकांत अशी नावं सापडतात. जन्मल्याबरोबर बाजूला सरकायला सांगितलेली माणसं.

थंडीसाठी कोबीचं लोणचं, किमची, घालायचे दिवस आले तसं मी एका रविवारी सोसाच्या बाजारात कोबी बघायला गेले. बाजाराच्या तोंडाशी पूर्वी एक सार्वजनिक स्नानगृह होतं. ते केव्हाच बंद पडलं, खाली मोबाइलचं दुकान आलं, पण विटांचं उंच धुराडं अजून उभं आहे. त्यावर वाफेच्या तीन रेघांची खूण, रंग उडालेला. पाडायला खर्च येतो म्हणून तसंच राहिलंय. त्या धुराड्याखाली पिल-नाम मावशी उभी होती. छत्री मिटलेली, टोपी पायाशी, मुखपट्टी हनुवटीखाली. उघड्या चेहऱ्याने मी तिला केंद्राबाहेर पहिल्यांदाच बघत होते. गळ्यात पाटी. पाटीवर दोन फोटो. एक पाचेक वर्षांच्या मुलीचा, कपाळावर सरळ कापलेली झुलपं. शेजारी पंचविशीतली एक तरुणी, चेहरा गुळगुळीत, डोळ्यांत बघणं नाही. तो संगणकाने वाढवलेला चेहरा होता.

ती विचित्र उभी होती. अंग भिंतीला समांतर, मान वळवलेली. येणाऱ्या गर्दीला तिची फक्त डावी बाजू दिसत होती.

"अगंबाई, बाई तुम्ही?" ती म्हणाली. "कोबी घ्यायला? पुढच्या गल्लीतला घेऊ नका, आतून काळा निघतो. त्या मफलरवाल्या म्हातारीकडे जा."

मी पाटीकडे बघत राहिले. ती म्हणाली, "मिरू."

मग तिने सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. चांद्र नववर्षाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. त्या दिवशी सगळं गाव आंघोळीला लोटतं, जुन्या वर्षाचा मळ नव्या वर्षात न्यायचा नसतो. आत बसायला पाट मिळेना. मिरूला तिने घासून घासून लाल केलं होतं. पोरगी ओरडत होती, आई, कातडी निघेल. बाहेर आल्यावर गप्प बसावी म्हणून दह्याच्या गोड पेयाची छोटी बाटली घेऊन दिली. धुराड्याखाली या पायरीवर आल्यावर मावशीच्या लक्षात आलं की अंग घासायची, हातात चढवायची खरखरीत पिशवी आतच राहिली.

"हिरवी पिशवी. काय किंमत तिची? फाटलेलीच होती. मी म्हटलं, इथेच उभी राहा, आलेच मी. ती म्हणाली, लवकर ये, केस गार लागतात."

"आणि?"

"आणि काय. पिशवी मिळाली. परत आले तर बाटली पायरीवर उभी होती. पडलेली नाही हो, उभी. नळी आत. अर्धी प्यायलेली." तिने एका माणसापुढे त्याच फोटोंचा छापील कागद धरला, त्याने हात खिशातच ठेवले. "ज्याने नेली त्याने तिला बाटली नीट खाली ठेवू दिली. म्हणजे घाई नव्हती. म्हणजे ओरडली नाही ती."

त्यानंतर तिने घर बदललं नाही. इमारत पाडणार म्हणून निम्मे लोक गेले, ती राहिली. घरातला तारेचा फोन काढला नाही, कारण मिरूला तो नंबर गाण्यासारखा पाठ होता. केसांची आखूड कुरळी ठेवण तीच, फक्त आता मुळांपासून रंगवलेली. दाराचं कुलूपसुद्धा तेच. नवरा वर्षभर तिच्यासोबत फिरला, मग समुद्राकडे गेला, तिथे दुसरा संसार मांडला.

"सगळं जागच्या जागी ठेवलं, बाई. राहिला हा चेहरा. हा काही ऐकेना." तिने बोट डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत नेलं आणि नियम आठवून थांबवलं. "तिने मला शेवटचं बघितलं ना, तेव्हा मी नुकतीच आंघोळ करून आलेली. पावडर नाही, काही नाही. तुमच्याकडे तोंड धुऊन त्या खोलीत बसते तेव्हा तसंच वाटतं. दार उघडेल आणि म्हणेल, आई, किती वेळ लावलास."

मी विचारलं, अशी वाकडी का उभी राहतेस.

"डावीकडची बाटली चांगली आहे ना? मला कळतं ते. गर्दी बसथांब्याकडून येते, म्हणून ही बाजू तिकडे." मग हळूच, "आहे ना, बाई?"

चाचणी चालू असताना आम्ही काही बोलायचं नसतं. मी कोबी घेऊन घरी आले.

थोड्या दिवसांनी ती ठरलेली वेळ नसताना केंद्रात आली. हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या कचेरीतून तिला कळवलं होतं की पंचविशीचा फोटो आता चालणार नाही, मिरू अडतीसची झाली, नवा काढायला हवा. त्यासाठी आईबापांचे फोटो लागतात, जितके स्वच्छ तितकं बरं. बाप फोन उचलत नव्हता. आणि मावशीने तेव्हापासून कॅमेऱ्यापुढे उभं राहणंच सोडलेलं. भाचीच्या लग्नात फोटोची वेळ आली की ती ताटं उचलायला जायची.

"तुमच्याकडे आहेत ना माझे? पुढून, दोन्ही बाजूंनी?"

होते. अनेक वर्षांचे, एकाच उजेडात, एकाच पांढऱ्या पट्टीत, हनुवटी त्याच टेकूवर. तिच्या म्हातारपणाची इतकी बारीक नोंद तिच्या स्वतःच्या घरात नव्हती. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, तिचा चेहरा आहे, तिला द्या. पहिल्या चाचणीतले, सगळ्यांत तरुण, मी काढून दिले. तिने पाकीट छातीशी धरलं.

"हे बघून ते मिरूला काढतील," ती म्हणाली. "बरं झालं मी इतकी वर्षं येत राहिले. कामाला आलं."

तिला इतकी आनंदात मी तेवढी एकदाच बघितली. दोक-इमने जिन्यावर गाठून विचारलंसुद्धा, "महाराणी आज गालात हसतायत. सोयरीक आली वाटतं!" मावशीने छत्रीने तिला ढोसलं.

शेवटचे साचे मी घेतले तेव्हा बाहेर बर्फ वितळून रस्ते काळे झाले होते. बायका बाटल्या परत करायला ओळीने उभ्या होत्या. बाटल्या परत द्याव्या लागतात, आत उरलेलं असलं तरी. निकाल आम्ही सांगत नाही. पण मावशी साचा निघाला तरी खुर्चीतून उठेना.

"ही माझी शेवटची ना?"

साठ वर्षं पूर्ण झाली की आमच्याकडे यादीतून नाव काढतात. कंपन्यांना त्यापुढचे चेहरे नको असतात.

"हो, मावशी."

"एकसष्टाव्या वर्षी कातडी नसते का माणसाला?"

मी रबर गोळा करत राहिले.

"मग आता सांगा. फरक पडला?"

आधीच्या फेऱ्यांचे आकडे माझ्याकडे होते. "पडलाय," मी म्हणाले. "दोन्हीकडे पडलाय. डावीकडे थोडा जास्त."

ती पुढे सरकली. "म्हटलं नव्हतं मी? दिसतो?"

"मशीनला दिसतो."

"आणि माणसाला?"

पुढचा नंबर दोक-इमचा होता. ती पडद्याआडून ऐकत होती, तिला मिरूचं काही माहीत नव्हतं. ती आत आली, कमरेवर हात ठेवून मावशीसमोर वाकली, आधी इकडून बघितलं, मग तिकडून.

"खरं सांगू, ताई? दोन्हीकडून सारख्याच म्हाताऱ्या दिसता. माझ्यासारख्या!"

आणि मोठ्याने हसली. मावशीने मान हलवली, टोपी घातली, मुखपट्टी वर ओढली. दारातून वळून तिने दोक-इमला म्हटलं, "तू तेवढी हस बाई. आकसून ठेवून काही उरत नाही." दोक-इम माझ्याकडे बघायला लागली. "मी काय वाईट बोलले? बाई, मी काही वाईट बोलले का?"

पुढे कंपनीचा सीलबंद कागद उघडला तेव्हा कळलं. डाव्या बाटलीत थांबवणारं होतं. बांधणारं उजवीकडे होतं, आणि त्याने त्या सगळ्या बायकांच्या डोळ्यांपाशी मिळून जे काही बांधलं ते केसाच्या जाडीएवढंही भरलं नसतं. त्यावर जाहिरात निघाली, क्रीम खपलं. मावशीला हे मी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

एप्रिलमध्ये मी पुन्हा सोसाला गेले, या वेळी मुद्दाम. तिची पाटी नवी होती. लहान मिरूचा फोटो तोच, शेजारचा बदललेला. अडतीस वर्षांची बाई. आखूड केस, थोडा ओढलेला चेहरा, ओठ मिटलेले. तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत त्यांनी वयाप्रमाणे बारीक रेघा घातल्या होत्या. डावीकडे तीन, मधली आखूड, आणि खालच्या रेघेला शेवटी फाटा. तो कोपरा मी ओळखला. पहिल्या चाचणीपासून तो माझ्या खणात आहे. त्यांनी मावशीचा फोटो घेतला, चेहरा थोडा भरला, रेघा पुसट केल्या, आणि फाटा तसाच राहू दिला.

"बरा आलाय ना?" मावशीने विचारलं.

"हो."

"कागद वाटता थोडे? हात भरून आलाय."

मी निम्मा गठ्ठा घेतला. आम्ही दोघी उभ्या राहिलो. लोक कागद घेत होते आणि चार पावलांवर टाकत होते. एक बाई मात्र थांबली. हातात भाजीची पिशवी, तिच्यातून कांद्याची पात बाहेर आलेली. चांगली मनाची असावी. तिने कागद बघितला, मावशीकडे बघितलं, पुन्हा कागद बघितला.

"कोण हरवलंय, आजी?"

"माझी मुलगी."

"ही लहान ना? आणि शेजारी तुम्ही." बाईचा चेहरा मऊ झाला. "किती सुंदर होतात हो तेव्हा. डोळे तर अजून तसेच आहेत."

मी काहीतरी बोलणार होते. मावशीने माझ्या मनगटाला नुसता हात लावला.

"हो," ती बाईला म्हणाली. "मीच ती."

बाईने कागद नीट दुमडून पिशवीत ठेवला, मिरू सापडेल असं म्हणाली आणि गेली. मावशीने पाटी गळ्यातून काढली, स्वतःकडे वळवून हातात धरली आणि बराच वेळ त्या फोटोकडे बघितलं.

"मला मागे जायचं होतं ना, बाई. बघा, नेलं की त्यांनी. वीसेक वर्षं मागे नेलं." तिने अंगठ्याने कागदावरचा डोळ्याचा कोपरा पुसला, काही लागलेलं असावं तसा. "आणि मिरू कुठे आहे यात? मला तर कुठे दिसत नाही."

"बापाचा फोटो मिळाला असता तर..."

"आणि असली कुठे, तरी अडतीसची आहे ती. तिला आठवत असेल सत्तावीसची आई. म्हणजे तिच्याहून लहान. मी ती सत्तावीसची होऊन इथे उभी राहिले असते, तरी तिने मला पोरगी समजून बाजूला सारलं असतं." ती थोडी हसली, खोलीत कधी हसली नव्हती तशी, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातल्या तिन्ही रेघा उमटल्या, फाट्यासकट.

पाटी तिने पुन्हा गळ्यात घातली. या वेळी ती भिंतीला समांतर उभी राहिली नाही, सरळ गर्दीकडे तोंड करून उभी राहिली. दुपार झाली होती. धुराड्याची सावली रस्त्याच्या पलीकडे गेली होती, ऊन नीट तिच्या तोंडावर येत होतं. टोपी पायाशी पिशवीत होती.

"मावशी, टोपी," मी म्हणाले.

"राहू दे," ती म्हणाली, आणि समोरून येणाऱ्या माणसापुढे कागद धरला.